बर्फात लपवलेली बाटली

धाकटीला शुगर होती. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे. शाळकरी पोरींना होते, इंजेक्शन चुकलं की जिवावर बेतते, ती. नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघीच, तरी हे मोठ्याने बोलायचं नाही असा आईचा दंडक. कारण मी लग्नाची होते. "एकीला आहे कळलं की दुसरीला कोण करून घेणार?" हे ती धाकटीच्या देखत म्हणायची. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात असायची. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, गार ठेवा, पण बर्फात अजिबात नको. धाकटी ती तळहातांत हलकेच घोळवायची, आतलं दुधट पाणी एकजीव झालं की सुईत ओढायची. मला बघवायचंसुद्धा नाही.

त्या रविवारी वसईचे लोक मला बघायला आले. आमचा फ्रिज बाहेरच्या खोलीत, वर विणलेला रुमाल, सगळ्यांच्या नजरेसमोर. कुणी उघडलाच तर? म्हणून आईने बाटली बर्फाच्या कप्प्यात, ट्रेच्या मागे सारली. आणि काय सांगू, मुलाच्या मावशीने खरंच "पाणी मीच घेते हो" म्हणत फ्रिज उघडला! आई माझ्याकडे बघून हसली.

पाहुणे गेले, पण "पसंत पडली वाटतं" या नादात बाटली आतच राहिली. संध्याकाळी धाकटीने काढली तर तिचा दगड झालेला. वितळल्यावर तिने घोळवली.

"आई, कण राहताहेत गं."

"गारठलंय ते. घे मुकाट्याने. इथे कुठे मिळते दुसरी? बोरिवलीला जावं लागतं."

तिने घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. मग तिची तहान भागेना, उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "ही गोठली होती ना? गोठल्यावर औषधात काही राहत नाही हो." धाकटी घरी परत आली नाही.

मुलाची आई भेटायला आली. आमची आई डोळे पुसत म्हणाली, "ताप आला होता हो. साधा ताप."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्यावरही पोरीला लपवायचं? "शुगर होती तिला," मी म्हणाले. "रोज इंजेक्शन घ्यायची. तुम्ही येणार म्हणून आईने ते बर्फात लपवलं, आणि ते बिघडलं."

बाई चहा न घेताच उठल्या. आईने दार लावलं. मला वाटलं, आता ही माझ्या लग्नासाठी गळा काढणार.

"थोडा वेळच ठेवणार होते गं," ती म्हणाली आणि दाराशीच खाली बसली. "पाहुणे जाईपर्यंतच."

ती हंबरडा फोडून रडत होती. मी तिला जवळ घेतलं नाही.