कोड ऐकून ओळखणाऱ्या पगारे मॅडम

सुनंदा पगारे मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली ती सातपूरच्या आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. मी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची होती, आणि एवढ्या मुलांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या कशा, या विचारानं मी घाबरले होते. मॅडम बाकांमधून सावकाश चालत होत्या. एका स्क्रीनपाशी क्षणभर थांबून म्हणाल्या, "तुझी मोजणी झालीय, पण निवड राहिलीय." मुलानं एक ओळ घातली आणि उत्तर बरोबर आलं.

मी विचारलं, "मॅडम, इतक्या लवकर तुम्ही वाचलंत तरी कधी?"

"वाचलं नाही हो, ओळखलं," त्या हसून म्हणाल्या. "नवशिक्या मुलांचे प्रोग्रॅम वरून वेगवेगळे दिसतात. आत मात्र बहुतेक वेळा त्याच चार-सहा गोष्टी चाललेल्या असतात. कुणी बेरीज साठवतं, कुणी मोजतं, कुणी हवं तेवढं निवडून घेतं, कुणी सगळ्यात लहान किंवा मोठं शोधतं, कुणी गट पाडतं. लूपची फेरी सुरू होण्याआधी काय मांडलंय, फेरीच्या आत काय बदलतंय आणि शेवटी हातात काय उरतंय, एवढं बघा. मग नावं कसलीही असू देत."

माझ्यापुरतं सांगायचं तर अध्यापनाचं खरं शिक्षण मला त्या दुपारी मिळालं. मॅडम ती नावं मुलांकडूनही वदवून घेत. "प्रोग्रॅम चालत नाही" असं कुणी म्हटलं की त्या विचारत, "काय करायला निघाला होतास? मोजायला की निवडायला?" प्रश्नाचं उत्तर देता देताच पुष्कळांना आपली चूक दिसे.

त्यांच्या मायेबद्दल एकच आठवण सांगते. माझी मुलगी लहान होती आणि सारखी आजारी पडायची, तेव्हा शनिवारची माझी प्रॅक्टिकल्स मॅडमनी परस्पर स्वतःच्या नावावर लावून घेतली. मला टाइमटेबल पाहिल्यावर कळलं. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "घरी जा गं, ती वाट बघत असेल." त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी माझ्यासाठी 'अहो'च्या जागी 'अगं' आलं. पुढे बऱ्याच उशिरा समजलं, की त्याच काळात मॅडमना उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं.

दुखणं डोळ्याच्या पडद्याचं होतं. उपचार झाले, ऑपरेशनं झाली. डाव्या डोळ्यानं काही काळ साथ दिली आणि मग तोही मावळला. उजेड-अंधार तेवढा समजायचा. मॅडम पन्नाशी ओलांडून थोड्याच पुढे गेल्या होत्या. त्यांचे यजमान, पगारे साहेब, ओझरच्या विमान कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. नाशिक रोडच्या घरून ते मॅडमना स्कूटरवर घेऊन आले, ते माझ्याकडे वर्ग सोपवण्यासाठी. मॅडम स्टाफरूममध्ये बसून, कुठल्या तुकडीचं काय झालंय ते मला सांगत होत्या. आवाज नेहमीसारखा होता. फक्त हात टेबलाच्या कडेवरून सारखा फिरत होता.

तेवढ्यात रूपाली आत आली. निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांची मुलगी. बागेतल्या तापमानाच्या नोंदी तिनं प्रोजेक्टला घेतल्या होत्या. मॅडमच्या डोळ्यांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. "मॅडम, सगळ्यात कमी तापमान काढायचंय, पण आन्सर झिरोच येतं. लय वेळा बघितलं, चूक सापडत नाय," असं म्हणत तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.

मी तिला थांबवणार होते. मॅडम म्हणाल्या, "वाच."

"लोएस्ट इज इक्वल टू झिरो," रूपाली वाचू लागली. "फॉर टी इन टेम्प्स. इफ टी लेस दॅन लोएस्ट..."

"थांब. सगळ्यात लहान शोधतेयस आणि सुरुवात शून्यानं केलीस? शून्याहून खाली पारा गेलाय का तुमच्या बागेत?"

"नाय मॅडम."

"मग ते शून्य कोण हरवणार? यादीतलं पहिलंच तापमान हातात धर आणि पुढच्या प्रत्येकाशी ताडून बघ."

रूपालीनं तिथंच बदल केला. उत्तर बरोबर आलं तशी ती उड्या मारत निघून गेली. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वर्षा, मला ऐकू येतंय गं."

त्या दिवशी वर्ग सोपवायचं राहून गेलं. आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. ते भले गृहस्थ, पण काळजीत पडले. "थिअरीचं ठीक आहे मॅडम, प्रॅक्टिकलला कसं करणार?" मॅडम म्हणाल्या, "एक सत्र द्या. नाही जमलं तर मीच सांगेन."

सत्र सुरू झालं. मुलांनी आपला प्रोग्रॅम मोठ्यानं वाचायचा आणि मॅडमनी ऐकायचा, अशी पद्धत ठरली. मराठी माध्यमातून आलेली मुलं आधी लाजत. सातपूरमध्येच ज्याच्या वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, तो अक्षय तर इंग्रजी वाचायचं म्हणून मागच्या बाकावर दडून बसायचा. मॅडमनी त्याला सांगितलं, "मराठीत सांग की. कुठल्या डब्यात काय टाकलंस, एवढंच हवंय मला." हळूहळू तोही बोलू लागला.

आणि त्याच अक्षयच्या प्रोग्रॅमपाशी मॅडम अडल्या. मशीनवरच्या पार्टांची मापं सेंटिमीटरमध्ये होती. ती मिलिमीटरमध्ये करून, मर्यादेपेक्षा मोठी तेवढी वेगळी काढायची होती. त्यानं सगळं वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "आधी रूपांतर, मग निवड. बरोबर आहे." पण यादीत एकच पार्ट येत होता. मॅडमनी त्याला मर्यादा बदलायला लावली, मापं तपासायला लावली. प्रॅक्टिकल संपत आलं तरी सुटेना. शेवटी मी जाऊन पाहिलं. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडली, तरच ती ओळ फेरीच्या आत धरली जाते. अक्षयची तपासणीची ओळ जागा न सोडता लिहिलेली होती, म्हणून ती फेरीबाहेर पडली होती. फेरी संपल्यावर तपासला जायचा तो फक्त शेवटचा पार्ट.

मी सांगितलं तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला. "मोकळी जागा ऐकू येत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. स्कूटरपर्यंत पोचवायला गेले, तर पगारे साहेबांना म्हणाल्या, "उद्या एकदाच आणून सोडा. राजीनाम्याचा अर्ज देऊन येते."

दुसऱ्या दिवशी अर्ज देण्याआधी मुलांचा निरोप घ्यावा, म्हणून त्या लॅबमध्ये आल्या. रूपाली उठून उभी राहिली. "मॅडम, अक्षयचं कालचंच परत वाचू का? फक्त ऐका."

ती वाचू लागली. फेरीच्या आतली ओळ आली की त्याआधी बोटाच्या पेरानं बाकावर एकदा टकटक करायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्याच्याही आतली ओळ आली असती तर दोनदा केलं असतं. फेरीची ओळ टकटक न करता आली. रूपांतराच्या ओळीआधी एक टकटक झाली. मग 'इफ' आला, नुसताच.

मॅडमनी हात वर केला. "इफच्या आधी काहीच वाजलं नाही. तो बाहेर पडलाय."

सगळी लॅब टाळ्या वाजवायला लागली. मॅडमनी अक्षयला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल, त्याला आत घे." अर्ज पर्समध्येच राहिला.

सत्राच्या शेवटी प्राचार्य लॅबच्या दारात येऊन बराच वेळ उभे होते. आत टकटक चालली होती, मुलं एकमेकांचे प्रोग्रॅम ऐकून "ही मोजणी", "हे गट पाडणं" असं सांगत होती. जाताना ते मला म्हणाले, "मॅडमचं पुढच्या वर्षीचं टाइमटेबल लावून टाका."

पुढे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मॅडमनी चिकाटीनं शिकून घेतलं. ते ओळीआधीची जागासुद्धा सांगतं. पण वर्गात आजही मुलांनीच वाचायचं असतं. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मशीननं वाचलं तर मला एकटीला कळतं. मुलानं वाचलं तर दोघांना कळतं." त्यांची ही गोष्ट मी माझ्याही वर्गात पाळते. समोरच्याला नीट सांगता येईल इतकं स्वच्छ लिहायची सवय आमच्या मुलांना लागली, ती मॅडममुळे.

यंदा मॅडम साठी पूर्ण करून कॉलेजातून निवृत्त होत आहेत. नाशिक रोडला त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात मात्र रविवारचा वर्ग आधीच सुरू झाला आहे. तिथं दहावीची मुलं येतात, तिथल्याच नोटांच्या प्रेसमधल्या नोकरीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे येतात, आणि मागच्या खुर्चीवर पगारे साहेबही बसतात. त्यांचा प्रोग्रॅम अजून चालत नाही, असं मॅडम सगळ्यांना हसत सांगतात.

या गौरवग्रंथात लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांना विचारलं, "मॅडम, शुभेच्छा काय देऊ?" त्या म्हणाल्या, "डोळे बरे होवोत, असलं काही लिहू नकोस. डोळ्यांचं मी बघून घेईन. गुडघे तेवढे धड राहू देत. सभागृहाला जिना आहे."

मॅडम, तुमचे गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला आम्हा सगळ्यांना तुमच्याच वर्गातून वेळ काढून यावं लागो.