धाकट्या जावेचा मधला कोर्स

माझ्या धाकट्या जावेइतक्या ठामपणे मत बदलणारं माणूस मी अख्ख्या मराठवाड्यात दुसरं पाहिलं नाही. बाकीचे लोक मत बदलताना जरा ओशाळतात, घसा खाकरतात, "माझं म्हणणं तसं न्हवतं" असं काहीतरी पुटपुटतात. हिचं तसं नव्हतं. सकाळी ज्या आवेशानं "वांग्यात शेंगदाण्याचा कूट पाहिजेच" म्हणायची, त्याच आवेशानं संध्याकाळी "कूट घालून लोक वांग्याची माती करतात" म्हणायची, आणि दोन्ही वेळा समोरच्याला स्वतःचीच लाज वाटायची. एकदा आम्ही दोघी नरसीला नामदेवाच्या दर्शनाला निघालो. हिंगोलीच्या स्टँडवर तिला पुसेगावची बस उभी दिसली. पुसेगाव तिचं माहेर. नामदेवासाठी घेतलेला नारळ त्या दिवशी तिच्या आईच्या घरी चटणीत गेला. "नारळ वाया तर न्हाई ना गेला, ताई," ती म्हणाली आणि स्वतःच्या ताटात आणखी चटणी वाढून घेतली.

आमचं घर वारंगा फाट्यावर. पुढं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, ते माझा नवरा आणि दीर चालवायचे. मागे सासूबाई, आम्ही दोघी जावा आणि तिची दोन लेकरं, मोठी पोरगी आणि धाकटा पोरगा. मला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी चुकचुकायला नको. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडायचो. पुढं सरकारनंही मत बदललं आणि आम्हाला हिंगोलीत टाकलं.

नर्स होण्याचं तिच्या डोक्यात शिरलं ते या धाकट्याच्या वेळी. आमच्या सासूबाई म्हणजे अशी बाई, की गाड्यांचे कागद तपासणारा साहेबसुद्धा दुकानात आला की त्यांच्यापुढं आवाज खाली ठेवायचा. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत त्या सरळ आत शिरल्या आणि कसं करायचं ते सांगू लागल्या. तिथं एक ठेंगणी, पांढऱ्या साडीतली नर्स होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "ओ आजी, भाईर बसा. बोलावल्याबिगर आत यायचं न्हाई." आणि सासूबाई बाहेर जाऊन बसल्या! पोरगं झालं, रडलं, पुसून आईच्या कुशीत दिलं. पण आई दाराकडं बघत होती. तिथं सासूबाई शाळेतल्या पोरीसारख्या बाकावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. "ताई," ती मला म्हणाली, "मला ही नोकरी पाहिजे." पुढं ती लोकांना रुग्णसेवा वगैरे सांगायची, आणि कालांतरानं ते खरंही झालं. पण मूळ कारण हे.

बारावी सायन्स ती लग्नाआधीच पास झालेली, त्यामुळं रस्ते तीन निघाले. एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सिस्टरचा, दीड वर्षाचा. जीएनएम, म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या नर्सचा, तीन वर्षांचा, नांदेडला. आणि बीएस्सी नर्सिंग, ही चार वर्षांची पदवी, ती मुंबई-पुण्याकडं. आता अशा बाईपुढं एकच रस्ता असता तर घर सुखात राहिलं असतं. तीन म्हटल्यावर आमच्या घराचा फाटा झाला. चहाच्या वेळी ती पदवीच्या बाजूची असायची: "करायचं तर डिग्रीच. अर्धवट शिकून काय करू?" पोरगं दूध पिऊन झोपलं की दीड वर्षाच्या बाजूची: "चार वर्षांत ह्या लेकराला मिशा फुटतील." दीर, म्हणजे तिचा नवरा, स्वभावानं इतका गरीब की गिऱ्हाईकानं चुकीचा नट मागितला तरी देऊन टाकायचा. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "तू म्हणशील तसं." त्यावर ती चिडायची. "मी काय म्हणून राहिले तेच तर मला कळंना!"

तोवर सराव सुरू झाला होता. कुठून तरी तिनं एक जुनी सिरिंज मिळवली आणि वांग्यांना इंजेक्शनं द्यायला लागली. भरली वांगी फोडली की आतून पाण्याची चिळकांडी उडायची. माझ्या नवऱ्यानं काही दिवस भाजीला हात लावायचंच सोडलं. मग तिनं नाडी धरली. दुकानात आलेला माणूस तिच्या तावडीतून कोरडा जात नसे. एक पंजाबी ट्रकवाला फॅनबेल्ट घ्यायला आला. हिनं त्याचं मनगट पकडलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "भैया, तुम सो जाव." तो बिचारा म्हणाला, "बहनजी, मैं तो पट्टा लेने आया था." पण आवाजच असा होता की तो आमच्या ओसरीवर आडवा झाला आणि दिवस कलेपर्यंत घोरत होता. उठल्यावर त्यानं हिच्या पाया पडून फॅनबेल्ट घेतला. दुकानाची तेवढी जाहिरात माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात केली नव्हती.

नातेवाइकांना खबर लागली तशी समजूत घालणारे यायला लागले. एक चुलत सासरे होते, तहसिलीत कारकून. ते पंख्याखाली बसून अर्धा तास बोलले. आपल्या घराण्यात हे कसं बसत नाही, परक्या माणसांचे गू-मूत काढायचे, लोक काय म्हणतील, आणि लेकरांना आईवेगळं करणारी ती कसली आई. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी शर्टाची बाही वर केली. "आता विषय निघालाच हाय तर हे गळू बघ बरं जरा. लई तकलीफ देऊन राहिलं." हिनं मुकाट्यानं पाणी गरम केलं, गळू शेकलं, पट्टी बांधली. ते पट्टी मिरवत घराण्याची अब्रू वाचवून निघून गेले.

पण ते जे लेकरांचं बोलून गेले, ते तिला लागलं. कोर्स कुठलाही घेतला तरी वसतिगृहात राहणं सक्तीचं होतं, लेकरं तिथं चालत नव्हती. मग तिनं परीक्षा घ्यायची ठरवली, लेकरांची. एक दिवस दुकानाच्या गोदामात जाऊन राहायचं आणि आपण नांदेडला आहोत असं सगळ्यांनी समजायचं. सकाळी पिशवी घेऊन तिनं सासूबाईंच्या पाया पडून निरोपही घेतला आणि अंगण ओलांडून नांदेडला गेली. थोड्याच वेळात गोदामातून हाक आली, "ताई, पोरग्यानं खाल्लं का?" मी म्हटलं, "नांदेडवरून आवाज येत नसतो." मग खिडकीत डोळे दिसायला लागले. मग ती पाणी प्यायला म्हणून आली आणि जाताना पोराचं नाक पुसून गेली. "मी इथं न्हाई, असं समजा," हे वर. दुपारी मी पोराला पायांवर घेऊन थोपटत होते. ते माझा पदर मुठीत धरून झोपलं. वर पाहिलं तर ती गोदामाच्या दारात उभी. "झोपलं?" "झोपलं." "तुमच्यापाशी?" "व्हय." परीक्षेत लेकरू पास झालं होतं, आणि तिचा चेहरा नापास झालेल्यासारखा होता.

शेवटी निकाल सासूबाईंनी लावला. इतके दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या, हेच मोठं नवल. एका दुपारी तूर पाखडता पाखडता त्यांनी विचारलं, "कितीकितीचे हायत ते कोर्स?" हिनं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "चार वर्षाचं लई लांब. दीड वर्षाचं हलकं असंल. मधलं घे." लुगडं असो, पातेलं असो, त्या आयुष्यभर मधलंच घेत आल्या होत्या. "आत्याबाई, आन् लेकरं?" हिनं विचारलं. त्यांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ही काय मेलीय का?" इतक्या प्रेमानं मला त्यांनी दुसऱ्यांदा कधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

ती नांदेडला गेली. खरोखरच्या नांदेडला. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा हौसेनं पांढऱ्या कपड्यातच बसमधून उतरली. पोरीनं पळत जाऊन मिठी मारली. पोरगं मात्र तिला बघून माझ्या मागं दडलं आणि रडू लागलं. ती हसली. "बराबर हाय. सुईवाल्या बाईला लेकरं भितेतच." मग मोरीवर गेली आणि मी घासून ठेवलेली सगळी भांडी पुन्हा घासत बसली. रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "मी वापस जाणार न्हाई." दीर म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात आनंद होता. सासूबाईंनी भाकरीचा घास मोडत म्हटलं, "काहून? घेतलेलं कापड दुकानदार वापस घेत न्हाई. सकाळच्या गाडीनं जाय." सकाळी ती गेली. मी पोराला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत गेले. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, पण तिच्या पिशवीचा बंद हातात धरला आणि सोडताना कुरकुरलं. तेवढ्यावर तिनं पुढचे महिने काढले.

तीन वर्षं झाली. ती पास झाली, पुढं सरकारी दवाखान्यात लागली, काही वर्षांनी ती राहून गेलेली पदवीसुद्धा तिनं केली. तेव्हा पोरं अभ्यास करायची आणि आई त्यांच्याच टेबलावर. आता ती वॉर्डाची मुख्य आहे आणि तिथं म्हणे डॉक्टरसुद्धा दबकून चालतात.

मला मात्र आठवतो तो त्याआधीचा दिवस. नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि ती लेकरं न्यायला आली. टेम्पोत सामान चढलं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, पोरग्याला तुमची सवय हाय. तुमी म्हणाल तसं करते." पोरगं पायरीवर बसून बिस्कीट खात होतं. मला म्हणायचं होतं, एक वर्ष राहू दे. पहिलीत तेवढं जाऊ दे, मग ने. तोंडातून आलं ते, "घेऊन जा. आईपाशी बरं असतं."

टेम्पो नांदेडच्या रस्त्याला लागला. पोरगी मागं वळून हात हलवत राहिली, वळण येईपर्यंत. पोरग्याचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारी बसायला मिळालं म्हणून ते खुशीत होतं. लहान होतं ते. त्याला वाटलं असेल, संध्याकाळी घरीच यायचंय.