टाक, दौत आणि शिवराजची मूठ

ढाब्यावर आम्ही जुने वर्गमित्र चहाला बसलो की गाडी हमखास गुरुजींच्या वर्गावर येते. शाईचे डाग परवडले, धुतले की फिके तरी पडतात. हे किस्से मात्र दर चहाला वाढतच चाललेत! नळदुर्गजवळचं आमचं गाव. बाहेर बॉलपेन आलं होतं, पण गुरुजींच्या वर्गात टाकच. लाकडी दांडी, पुढं निब, दोन शब्द झाले की दौतीत बुडवायचा.

* * *

महादेवीचे वडील किराणा दुकानदार, भारी काटकसरी. शाईची एक वडी तांब्याभर पाण्यात विरघळवायचे. गुरुजींनी तिची वही उन्हाकडं धरली.

"महादेवी, लिव्हलंस व्हय गं, का नुसतं पान भिजवलंस?"

"वाळलं की दिसंल, गुरुजी!"

* * *

बशीर निब पुसायचा ती डोक्याच्या केसांना. तेल लावलेले दाट केस, कुणाला पत्ताही लागायचा नाही. आता टक्कल पडलंय. परवा ढाब्यावर विचारलं, तर गडी गंभीरपणे म्हणाला, "सब स्याही खा गई रे!"

* * *

शिवराज टाक असा आवळायचा की निब फाकायची आणि खालची तीन पानं फाटायची. गुरुजी मागं बसून त्याचा हात धरायचे.

"सैल सोड रं. टाक हाय तो, पहार न्हाय!"

"सैल सोडला तर पळंल की, गुरुजी!"

* * *

गावातल्या पोरांचं पहिलं 'श्री' गुरुजीच हात धरून काढून घ्यायचे. यंदा दसऱ्याला त्यांच्या नातवाच्या लेकीचा नंबर होता. आम्हालाही बोलावणं होतं. पाटावर कागद, दौत, जुना टाक, सगळं मांडलेलं. गुरुजींनी पोरीचा हात धरला आणि त्यांचाच हात थरथरायला लागला. कागदावर शाईचा थेंब पडला. मग दुसरा.

त्यांनी टाक खाली ठेवला. नातसुनेला म्हणाले, "माझ्याच्यानं व्हत न्हाय आता. तूच काढून घे."

 

शिवराज उठला. ट्रॅक्टर हाकून राठ झालेला त्याचा हात. गुरुजींच्या मागं बसला, टाक पोरीच्या हातात दिला आणि गुरुजींचा हात आपल्या हातात घेतला. खाली पोरीची बोटं, मध्ये गुरुजींची, वर शिवराजची. टाक हळूहळू सरकायला लागला.

गुरुजी मागं न बघताच म्हणाले, "शिवराज, सैल सोड. टाक हाय तो, पहार न्हाय!"