आटे गेले की मामा आले

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या नुकसानीनं हरखून जाणारा सज्जन माणूस साऱ्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही. फक्त नुकसान एकाच जातीचं हवं. कुणाचं लग्न मोडलं, कुणी निवडणुकीत पडलं, तर मामा चारचौघांसारखे हळहळतात. पण कुणीतरी ॲल्युमिनियमच्या इंजिनात स्पार्क प्लग आवळताना नको तेवढा जोर लावला आणि भोकातले आटे भुगा होऊन बाहेर आले, असं कानावर आलं, की त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलतो. लष्कराच्या वर्कशॉपात हयात घालवून मामा साताऱ्याला स्थायिक झाले. पेन्शन सुरू झाली, हात मात्र काही निवृत्त झाले नाहीत.

"लोखंड सोसतंय, जावईबापू," ते मला सांगतात. "ॲल्युमिनियम लय मानी. दमदाटी केली की घर सोडून जातंय!" त्यामुळे त्यांच्यासमोर साधं झाकण लावायचीही चोरी. एकदा मी लोणच्याची बरणी बंद करू लागलो, तर मामा भरल्या ताटावरून उठले. "आदी उलटं फिरवा! टक् झालं? आता सुलटं. आटा आट्यात बसला म्हंजी दोन बोटं पुरं!" एका लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मामा मांडवात नव्हतेच, बाहेर कुणा अनोळखी पाहुण्याच्या मोटारसायकलीपाशी उकिडवे बसले होते, आणि पाहुणा आपली गाडी कोण खोलतंय ते पाहून पळत येत होता.

पण मामांना खरे मामा म्हणून पाहावं ते तासगावला, माझ्या मेहुण्याच्या मळ्यात. द्राक्षबाग फुलोऱ्यात होती, आभाळ भरून आलेलं. संध्याकाळच्या आत औषध मारलं नाही तर दावण्या रोग घड खाऊन टाकणार. आणि नेमकं त्याच सकाळी मेहुण्यानं फवारणी पंपाच्या इंजिनाचा प्लग असा आवळला, की तो नुसताच गरगर फिरू लागला. शेजाऱ्यानं उपाय सुचवला, "टेप गुंडाळून बसवा की." माझ्या बायकोनं मात्र मामांना फोन लावला. पलीकडून ओरडणं मलाही ऐकू आलं, "आटं गेलं? समदं गेलं? व्वा! कुनी हात लावू नगा, आलोच!"

दुपारी मामा स्कूटरवरून उतरले ते थेट इंजिनापाशी. चहा नको, पाणी नको. त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढून बाकावर ठेवलं, प्लगच्या भोकात बोट फिरवलं आणि आनंदानं मान डोलावली. भोकात जरा मोठे आटे नव्यानं पाडायचे, त्यात पोलादी तारेची स्प्रिंग पिळून बसवायची. मग प्लगला त्या स्प्रिंगचेच आटे. हे सगळं ते काम करता करता शेजाऱ्याला मोठ्यानं समजावत होते. आल्या आल्या कानावर पडलेलं टेपचं बोलणं त्यांना झोंबलं होतं.

मध्येच आटे पाडायचा टॅप भोकात अडकला. पुढं जाईना, मागं येईना. मोडला असता तर हेडच कामातून गेलं असतं. मेहुणा आभाळाकडं बघत पुटपुटला, "मामा, आवं, जोर लावू का?"

"जोरानंच तर घालवलंस रं!" मामांनी तेल सोडलं, टॅप केसभर मागं फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. करकर झाली आणि टॅप सुटला. मग स्प्रिंग आत गेली, हेड चढलं, प्लग मामांनी स्वतः दोन बोटांनी बसवून पान्यानं शेवटचा पीळ दिला. मेहुण्यानं दोरी ओढली. इंजिन धडधडलं! मामांनी शेजाऱ्याला मिठीच मारली. "बघितलंस गड्या? नव्यापरीस भारी!"

बघता बघता सगळे बागेत पांगले. पंपाचा आवाज ओळीओळीनं लांब गेला. मामा बाकावर एकटेच हत्यारं पुसत बसले होते, गरजेपेक्षा बरंच सावकाश.

"आज मुक्कामाला राहा," मी म्हणालो.

"ऱ्हातू की. तुमची मामी गेल्यापास्नं साताऱ्यात वाट बघाय कोन हाय?" थोडा वेळ ते आवाजाच्या दिशेनं पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "जावईबापू, तुमची गाडी चालवताना कवा खडखड येती का वो?"

माझी गाडी अगदी ठणठणीत होती.

"येते खरी," मी म्हणालो. "सकाळी जरा बघाल का?"