मंगळवारचा उपास

भिंगारमध्ये आमच्या घराला पुढे एक जाळीचा व्हरांडा आहे. एकोणीस वर्षं झाली, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तिथं कॅरम बोर्ड मांडला जातो. खेळणारे चौघं. मी आणि माझा भिडू. हा माझा शाळेपासूनचा मित्र, त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. विरुद्ध जोडीत एक गोठेवाला, ज्याच्या म्हशींवर अर्धी गल्ली पोसलीय, आणि दुसरा लष्कराच्या स्टोअरमधला कारकून. तो आमच्या घरीसुद्धा सोंगट्या मोजून घेतो आणि मोजून परत देतो.

आमची एक पद्धत आहे. खेळ संपला की भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचं, कोणी किती बोर्ड जिंकले. शेवटची राणी ज्या जोडीनं घेतली तिच्या आकड्याभोवती गोल. लिहिण्याचं काम भिडूचं, कारण अक्षर त्याचं चांगलं. साताच्या पोटात तो आडवी रेघ मारतो.

आमच्या कॅलेंडरवर गुरुवारी बहुतेक एक-एक किंवा फार तर दोन-एक असायचं. दोन तासांत दोन-तीन बोर्ड. याचं कारण मला कधी शोधावंसं वाटलं नाही, कारण ते कारण मीच होतो.

मला गोष्टी सांगायची खोड आहे. स्ट्रायकर रेषेवर ठेवला, बोट मागं ओढलं, की मला हटकून काहीतरी आठवतं. मावशीची चोरीला गेलेली कोंबडी, भंडारदऱ्याला पावसात बंद पडलेली आमची गाडी. मग बोट तसंच हवेत राहतं आणि गोष्ट चालू होते. तिघं ऐकायचे, हसायचे. निदान मला तसं दिसायचं. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी मामाच्या लग्नाची गोष्ट लावली होती. जामखेडच्या अलीकडे नवरदेव लघवीला उतरला आणि वऱ्हाडाचा टेम्पो त्याला तिथंच सोडून निघून गेला. बाशिंग बांधलेला मामा फुफाट्यात एकटा उभा, इथपर्यंत आलो आणि आठ वाजले. भिडू डोळे पुसत म्हणाला, "बाकीचं पुढच्या गुरुवारी. पोट दुखलं लेका."

पुढच्या बुधवारी सकाळी गोठेवाल्याचा फोन आला. म्हैस व्याली हाय, चीक घेऊन जा. मी डबा घेऊन गेलो. तो गोठ्यात होता. वहिनी डबा घेऊन आत गेल्या आणि मी बाहेरच्या खोलीत कॅलेंडर बघत उभा राहिलो. त्यावर रोजच्या दुधाचे आकडे होते. पण मंगळवारच्या चौकोनात खाली कोपऱ्यात आणखी काहीतरी होतं. चार-तीन. त्याच्या आदल्या मंगळवारी पाच-दोन. पाचाभोवती गोल.

मला वाटलं, म्हशीचंच काहीतरी असेल. मग पान मागं उलटलं. सात-एक. साताच्या पोटात आडवी रेघ.

मी जानेवारीपर्यंत मागं गेलो. एक मंगळवार सुटलेला नव्हता. कपाटामागं बोर्डाचा कोपरा दिसत होता.

वहिनी डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मंगळवारी उपास सोडून यायचं की एखाद्या वेळेस. तुमच्या जागेवर माझा भाऊ बसतो. पाटबंधाऱ्यात हाय ना, तो. गुणाचा हाय, पण तोंडातून शब्द काढील तर शपथ."

"उपास?"

"मंगळवारचा. हे म्हणतात, तुमचा कडक असतो. उपासाला कॅरमबी चालत न्हाई."

मी म्हणालो, "हो, कडकच असतो."

आता मी असा माणूस, की एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर भाकरी खातो. पण त्या माउलीपुढं नवऱ्याला खोटं पाडणं जमलं नाही. डबा घेऊन चालत निघालो. स्कूटर त्यांच्याच दारात राहिली, हे घरी पोचल्यावर कळलं.

बायकोला सगळं सांगितलं. ती चिकात गूळ किसत होती. म्हणाली, "त्यांना मंगळवार तरी मिळाला. मला कुठला मंगळवार?"

हसलो. पण हसून झाल्यावरही ते आत तसंच होतं. गोठेवाल्याचं आणि कारकुनाचं सोडून देता आलं असतं. भिडू मात्र एकोणीस वर्षं माझ्या समोर बसलाय. माझा नेम चुकला तर माझ्याआधी तो चुकचुकतो. तो दर मंगळवारी कुणा दुसऱ्याकडं बघून तसाच चुकचुकत असणार. आणि त्या गुरुवारी त्यानं पुसले ते डोळे खरे होते की नव्हते, हे आता कसं कळणार?

गुरुवारी सहाला तिघं आले. बोर्ड मांडला, पावडर टाकली. मी एक शब्द बोललो नाही.

पहिला बोर्ड दहा मिनिटांत हरलो. दुसराही. गोष्टी बंद झाल्यावर कळलं, की मी मुळात वाईट खेळतो. इतकी वर्षं ते झाकलेलं होतं. पहिले तीन बोर्ड तिघं खुशीत होते. चौथ्याला एकमेकांकडं बघायला लागले.

कारकून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

"उपास आहे."

"आज? गुरुवारी?"

"मंगळवारचा कडक असतो. म्हटलं, गुरुवारचापण धरू."

गोठेवाल्याचा स्ट्रायकर सरळ पॉकेटमध्ये गेला. फाऊल झाला, पण सोंगटी परत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही, कारकुनालासुद्धा.

शेवटी भिडू म्हणाला, "हे बघ, तुझा कंटाळा न्हाई आला. पण आम्हाला कधीतरी नुसतं खेळायचं असतं रे."

"मग तोंडावर सांगायचं होतं."

"सांगायला तू थांबलास तर ना!"

त्यावर मला हसू आलं असतं, एरवी. "आणि उपास कुणी काढला?"

भिडू खाली बघत म्हणाला, "मीच."

पुढचे दोन बोर्डही आम्ही हरलो. आठ वाजले. भिडूनं पेन्सिल घेतली आणि चौकोनात शून्य-सहा लिहिलं. आमच्या कॅलेंडरवर एवढा मोठा आकडा पहिल्यांदाच आला.

चपला घालताना गोठेवाला घुटमळला. "लेका, एक सांग. त्या तुझ्या मामाचं फुडं काय झालं? आठवडाभर डोक्यात हाय."

भिडू पायरीवर थांबला. कारकूनही.

गोष्ट जिभेवर आली होती. पुढं एक उसाचा ट्रॅक्टर येतो, आणि तिथून तर खरी मजा आहे. मी सोंगट्या डब्यात भरल्या, बोर्ड भिंतीला लावला.

"मंगळवारी विचार," म्हणालो, "तुझ्या मेव्हण्याला."

त्याला तीन गुरुवार झाले. ते येतात, मी खेळतो, हरतो. बाशिंग बांधलेला मामा अजून जामखेडच्या अलीकडे उभाच आहे.