भिंगरीभाऊ आणि धानातली हार्ड डिस्क

भिंगरीभाऊंना बसलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस मला भंडाऱ्यात आजवर भेटलेला नाही. चहा ते चालता चालता प्यायचे. जेवतानाही ताट हातात घेऊन अंगणभर फिरतात, असं शांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून सांगायच्या. त्यांचा न्हावी म्हणायचा, "याईची कटिंग मी हप्त्याहप्त्यानं करतो. एक बाजू झाली का उठलाच हा माणूस!" कागदोपत्री त्यांना एक भारदस्त नाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कोणी वापरलं नाही. पायाला भिंगरी, म्हणून भिंगरीभाऊ.

आणि अशा माणसानं धंदा कोणता निवडावा? मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, कागद, गाणी बाहेर काढायचा. म्हणजे बगळ्याचं काम! एकदा डिस्क यंत्राला जोडली की तिला हलवायचं नाही, धक्का द्यायचा नाही, ती जे देईल ते देईपर्यंत नुसतं थांबायचं. बसस्टँडमागच्या गल्लीतल्या त्यांच्या दुकानात एकच खुर्ची होती आणि ती गिऱ्हाइकाची. भाऊ टेबलापासून दारापर्यंत, दारापासून समोरच्या कडुनिंबापर्यंत आणि तिथून परत अशा येरझाऱ्या घालत. पाहणाऱ्याला वाटावं, आत यांच्या सुनेचं बाळंतपण चालू आहे.

डिस्कबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "थे म्हातारं मानूस समजा," ते म्हणायचे. "शेवटच्या टायमाले तिले खोदून खोदून इचारू नोका, का तुले काय झालं, कुठं दुखते. जेवढं सांगते तेवढं पहिले लिहून घ्या. दुखनं मंग पाहू." डिस्क खटखट वाजायला लागली की लोक ती पुन्हापुन्हा चालू करून बघतात, तपासणीचे प्रोग्राम लावतात, आणि तेवढ्यात ती उरलासुरला जीव सोडते. एकदा एक लग्नाचे फोटो काढणारा आपला कॉम्प्युटर घेऊन आला आणि "हे पाहा भाऊ, कशी वाजते" म्हणून दुकानातच बटण दाबायला गेला. भाऊ कडुनिंबापासून धावत आले आणि त्यांनी भिंतीतला प्लग असा उपटला की सॉकेटही सोबत आलं. "आयकवू नको मले! मी काय तिचं कीर्तन आयकाले बसलो काय?" असं म्हणून दिवसभर त्याच्यावर गुरगुरत राहिले. त्या नवरा-नवरीचे फोटो मात्र बहुतेक सगळे निघाले.

स्वतःच्या भिंगरीची फजितीही ते मजेत सांगत. आंबागडच्या एका ओळखीच्या माणसाकडे जुनी डिस्क काढून नवी बसवायला गेले होते. जुन्यातलं नव्यात उतरायला अर्धा दिवस लागणार, तोवर काय करायचं, म्हणून काम लावून दिलं आणि हे निघाले किल्ला चढायला. वर हिंडले, खाली येताना कोणाच्या तरी बांधावर गप्पा ठोकल्या. परत येऊन पाहतात तर कॉम्प्युटरनं पहिल्याच मिनिटाला विचारून ठेवलेलं, पुढे जाऊ का, हो की नाही? "थे बिचारी माह्या उत्तराची वाट पाहून राहिली, अन मी किल्ल्यावर हवा खाऊन राहिलो!" तेव्हापासून त्यांनी फिरणं सोडलं नाही, फक्त पडदा नजरेआड होणार नाही एवढ्यावर आणलं.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती मायमुळे. आम्ही भंडाऱ्यासमोर वैनगंगेपलीकडच्या कारध्याचे. माझी माय विहारातल्या बायांच्या गाण्यांत आघाडीला असायची, आणि काही गाणी तिनं स्वतःच रचलेली. मी लहानपणी जुन्या पुलावरून भंडाऱ्याला शाळेत जायची. नदी चढली की पूल पाण्याखाली जायचा आणि माझी शाळा बुडायची. त्यावर मायनं गाणं केलं होतं, "थांब थांब वैनगंगे, पोरीची माह्या शाळा गं." माझ्या भावानं, म्हणजे दादानं, पुढे घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा हौसेनं माइक लावून ही गाणी भरून ठेवली. काही मायची एकटीची, काही विहारात सगळ्या बायांसोबतची. मग मायच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. पार गेला, कुजबुजही उरली नाही. आता ती ओठ हलवते आणि बोटांनी बोलते. तिचा आवाज या जगात फक्त त्या डिस्कमध्ये होता, आणि दुसरीकडे काढून ठेवू म्हणता म्हणता आमचं राहून गेलं होतं.

त्या पावसाळ्यात वैनगंगा आमच्या घरात आली. आम्ही जीव घेऊन गच्चीवर गेलो, कॉम्प्युटर खाली गाळात राहिला. पाणी उतरल्यावर भावानं त्याच्या पोटातून डिस्क काढून ओट्यावर ठेवली आणि आम्ही मजूर लावून चिखल उपसायला लागलो. जरा वेळानं पाहतो तर डिस्क गायब. सगळं घर शोधलं. दादा मजुरांवर ओरडला, मी दादावर ओरडले. माय काहीतरी सांगायला हात हलवत होती, पण त्या गडबडीत तिच्या हाताकडे कोण बघणार? शेवटी तिनंच मला दंडाला धरून माळ्यावर नेलं. तिथं आमची धान साठवायची बांबूची ढोली, पाण्यापासून वाचलेली. मायनं कोपरापर्यंत हात घालून धानातून लुगड्याच्या फडक्यात बांधलेली डिस्क काढली आणि माझ्यासमोर धरली. चेहऱ्यावर केवढं समाधान! आमच्याकडे तांदूळ हा सगळ्यावरचा इलाज आहे. मोबाइल भिजला, घाला तांदळात. मायनं विचार केला असेल, एवढी मोठी वस्तू, तिला ओंजळभर तांदूळ काय पुरणार?

मी ते गाठोडं घेऊन भाऊंकडे गेले. त्यांनी फडकं सोडलं, टेबलावर धानाचे दाणे आणि तूस सांडलं, आणि पहिल्यांदा मी त्यांना थबकलेलं पाहिलं. तेही क्षणभरच.

"चालू तं नाही करून पायली?"

"नाही."

"नशीब तुमचं. अन हे धानात कोनं घातली?"

"मायनं."

ते हसत हसत कडुनिंबापर्यंत जाऊन आले. मग डिस्कच्या झाकणावरचं सुईएवढं भोक मला दाखवलं. "याच्यातून थे श्वास घेते ताई. तूस आतमंदी गेलं असन तं काम खतम. झाकन मी उघडत नाही, थे मोठ्या शहरातल्या बंद खोलीचं काम. पन पहिले बाहेरचं पाहू. मायले काही बोलू नोका. तिनं तिच्या परीनं जपूनच ठेवली."

डिस्कच्या पोटाखाली एक हिरवी पाटी असते, तिच्यावर सगळं चालतं. नदीच्या गाळानं ती पाटी खाल्ली होती. तशीच, त्याच जातीची, त्याच क्रमांकाची दुसरी पाटी पाहिजे. भाऊ तुमसरला जाऊन आले, साकोलीला जाऊन आले, आणि शेवटी गोंदियाच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना ती सापडली. तिथूनच फोन केला, "भंडारा-गोंदिया फुटून जिल्हे दोन झाले तं झाले ताई, भंगार अजून एकच आहे!" जुन्या पाटीवरची मुंगीएवढी चिप काढून त्यांनी नव्या पाटीवर बसवली. एवढ्या चुळबुळ्या माणसाचा हात त्या कामात जरासुद्धा हलला नाही म्हणे. मी पाहिलं नाही, त्यांनी मला बाहेर काढलं होतं.

मग एक दिवस मला निरोप आला, मायला घेऊन या. डिस्क जागी झाली होती, पण तिचा आवाज चांगला नव्हता. पडद्यावर फक्त नावं दिसत होती, दादानं दिलेली. 'माय एकटी', 'विहार', 'लग्न'. भाऊ मायसमोर उभे राहिले, म्हणजे त्यांच्या मानानं उभे, या पायावरून त्या पायावर.

"माय, हे कवा जाईन सांगता येत नाही. एक सांगा, पहिले काय काढू? दुसऱ्याची ग्यारंटी मी देत नाही."

यात विचारायचं काय होतं? मी 'माय एकटी'वर बोट ठेवलं. मायनं माझं बोट बाजूला केलं आणि आपलं 'विहार'वर ठेवलं. मी वैतागले. "माय, थे सगळ्या बायांचं आहे. तुह्या एकटीचं पहिले घेऊ दे ना!" मायनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मी तर आहे ना, अशी मान हलवली. मग ती एकेक बोट दुमडत गेली. विहारात तिच्यासोबत गाणाऱ्या बाया. ज्या ज्या आता नाहीत, त्यांची बोटं. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या.

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं. मायनं सांगतलं." आणि काम सुरू केलं.

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी खुर्चीवर, माय माझ्या शेजारी स्टुलावर, आणि भाऊ दार, कडुनिंब, टेबल. मलाही बसवेना. मी उठले की ते ओरडायचे, "टेबलाले धक्का लागन, बसा!" आणि स्वतः फिरायचे. डिस्क तापली की तिला थंड होऊ द्यायचे, पुन्हा जोडायचे. एकेक गाणं तुकड्यातुकड्यानं येत होतं, एखादा तुकडा फाटका आला की पुन्हा मागायचा, आणि नीट आला का ते प्रत्येक वेळी वाजवून बघायचं. दुपार कलता कलता 'विहार' पूर्ण झालं. भाऊंनी 'माय एकटी'ला हात घातला मात्र, आतून नखानं पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज आला आणि डिस्क थांबली. पुन्हा सुरू झाली नाही. मला मायचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही, नुसती रडत बसले.

भाऊंनी आमचा गाळातला कॉम्प्युटर साफ करून चालता केला, त्यात नवी डिस्क बसवली, गाणी उतरवली, आणि वर आणखी एक प्रत करून माझ्या हातात दिली. "हे अल्याड भंडाऱ्यात कोन्या नातेवाइकाच्या घरी ठेवा. दोन्ही नदीच्या एकाच काठावर नोका ठेवू." मी निघताना म्हणाले, मायचा आवाज तर गेलाच, एकाच माइकवर भरलेल्या या एवढ्या बायांत तो कुठून ओळखू? भाऊ दारात फिरता फिरता थांबले. "काहून नाही ओळखू येत? मी दिवसभर तेच आयकून राहिलो. ओळ संपली का साऱ्या बाया थांबते. एक थांबत नाही. जराशी मांगून सोडते. थेच तुमची माय." मी घरी येऊन ऐकलं. बायांच्या मागे एक आवाज रेंगाळत होता खरा. पण तो मायचाच कशावरून? भाऊ मला बरं वाटावं म्हणून बोलले, असंच मी धरून चालले.

ते मात्र आमची डिस्क टाकून द्यायला तयार नव्हते. कधीही भेटले की सांगायचे, अजून एक इलाज बाकी आहे, नागपूरच्या एकाशी बोलून राहिलो. मग एका दुपारी करडीला एका राइस मिलवाल्याकडे जाताना रस्त्यातच त्यांच्या छातीत कळ आली. गाडी त्यांनी नीट स्टँडला लावली होती आणि तिच्याभोवती चकरा मारत होते, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा शांतावहिनींनी आमची डिस्क माझ्या हातात ठेवली. "टेबलावरच होती तुमची. रोज हातात घेत होते." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. माझंही.

घरी आले आणि मायला सांगितलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. मग तिनं माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. मी ते शाळेचं गाणं लावलं. "थांब थांब वैनगंगे..." गेलेल्या बाया गायला लागल्या आणि मायचे ओठ त्यांच्यासोबत हलायला लागले. मी पहिल्यांदाच गाण्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होते. ओळ संपली. बाया थांबल्या. मोबाइलमधला तो एक आवाज जरासा मागे राहिला, आणि तेवढाच वेळ मायचे ओठ उघडे राहिले. मग दोन्ही एकदम मिटले. पुढच्या ओळीला तेच. त्याच्या पुढच्या ओळीलाही तेच.

माझ्या मायचा आवाज भाऊंनी माझ्याआधी ओळखला होता. मी मायच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. कोणासाठी रडतेस, ते तिनं विचारलं नाही.