कपाटातलं हॉटेल

आमच्या हिच्या मामांना पडला नाही असा प्रश्न अजून जगात जन्माला यायचा आहे. मामा पलूसजवळचे द्राक्षबागायतदार, जैन, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेले. दिवस मावळायच्या आत जेवणार आणि मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाहीत. या सगळ्या संयमाची कसर त्यांनी चौकशीत भरून काढली होती. लग्नाला गेले की मांडवात बसायचं सोडून ते आचाऱ्याच्या चुलीपाशी जात आणि बुंदीचा झारा उजेडात धरून त्याची भोकं निरखत. माझ्या मेहुणीच्या लग्नात, कोरेगावला, मंगलाष्टकं सुरू झाली तरी मुलीच्या मामांचा पत्ता नव्हता. ते बँडवाल्यांच्या टेम्पोत बसून क्लॅरिनेट कसं उघडतात ते शिकत होते. एकदा मिरजेला डोळे दाखवायला म्हणून गेले, वाटेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत शिरले आणि डोळे न दाखवताच तंबोऱ्याच्या भोपळ्याचं बी खिशात घालून परत आले. त्या वर्षी त्यांच्या द्राक्षांच्या मांडवावर असे काही भोपळे लटकले, की मामी म्हणाल्या, "आवं, आता ह्यास्नी तारा कवा जोडताय?"

त्यांच्या विचारण्यात कुचकटपणा नसे, म्हणून लोक रागावत नसत. एका दारूच्या कारखान्याचा माणूस द्राक्षं घ्यायची म्हणून त्यांच्याकडे आला, तेव्हा मामांनी त्याला सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसवून घेतलं. रस कसा आंबतो, फेस कधी येतो, पिंपाला लाकूड कुठलं, सगळं विचारून घेतलं. तो खुशीत कागद काढायला लागला तेव्हा मामा म्हणाले, "माल न्हाई द्यायचा वो आमाला, आमी बेदाणा करतो. समजून घेतलं नुसतं." तो बिचारा जेवून गेला.

असा हा माणूस एका गोष्टीबद्दल मात्र अवाक्षर विचारत नसे. त्यांचा धाकटा मुलगा अभय मुंबईला हॉटेलचं शिक्षण घेऊन, मोठमोठ्या हॉटेलांत नोकऱ्या करून आला आणि त्याने आमच्या साताऱ्यात स्वतःचं हॉटेल काढलं. परमिट रूमचं. मुलाने बार काढला हे कळल्या दिवसापासून मामांनी त्याचं नाव टाकलं. मामी चोरून माझ्याकडे यायच्या, मुलाला भेटून जायच्या. तेव्हा मामा दारात उभे असले तरी कुठे निघालीस म्हणून विचारायचे नाहीत. कोंबडी अंडं कुठे घालते याचीही चौकशी करणाऱ्या माणसाचं हे गप्प राहणं मामींना फार लागायचं.

हॉटेल होतं मात्र बघण्यासारखं. नव्वद-पंचाण्णवच्या त्या काळात साताऱ्यातले वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांची मोठी अडचण अशी, की प्यायची तर आहे पण शिरताना कुणी बघायला नको. अभयने ती बरोबर हेरली. रस्त्यावर साधं सरबताचं दुकान. आत कोकम, आवळा, वाळा यांच्या बाटल्यांनी भरलेलं भिंतभर सागवानी कपाट. माहितगार माणसाने त्यावर टकटक केली, की आख्खं कपाट बिजागरीवर फिरायचं आणि आत लाल गाद्यांच्या खुर्च्या, मंद दिवे, पांढऱ्या रुमालांच्या घड्या नि कॉकटेल हलवणारा, गळ्याला बो लावलेला माणूस दिसायचा. खिडकी एकही नाही. परवाना वगैरे सगळं रीतसर, चोरटं होतं ते फक्त दार. मी तिथे कधीमधी जात असे. हे आमच्या हिला माहीत होतं, मामांना नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मामा अचानक माझ्या दारात उभे राहिले. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, टोपी काढून पुन्हा घातली आणि छताकडे बघत म्हणाले, "जावईबापू, त्या हाटेलाचं दार कपाटात हाय म्हणत्यात. खरं काय?"

मी म्हटलं, "खरं आहे."

"मग एवढ्या बाटल्यांचं वजन बिजागरी कशी धरती?"

तेव्हा मला कळलं, की मामांचा राग अजून शाबूत आहे, पण बिजागरीने त्यांची झोप उडवली आहे. मी तसाच अभयकडे धावलो. तो म्हणाला, "पाचला आणा. जेवायलाच आणा. आणि मी काय खायला घातलं तर ते हात लावतील का, ते मात्र मला विचारू नका."

हॉटेल उघडायचं दिवेलागणीला, म्हणजे मामांचं जेवण संपल्यावर. आणि तिथल्या भटारखान्यात कोंबडी शिजायची, तिथलं मामांनी खाणं शक्यच नव्हतं. आम्ही पाचला पोचलो तर सरबताच्या दुकानात नवी शेगडी, नवी पातेली, आणि अभय स्वतः भाकरी थापतोय. पाणी कापडाने गाळून ठेवलेलं. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काही म्हणून नाही. मामांनी हे सगळं पाहिलं. सरळ कपाटाकडे गेले, वाकून खालचं चाक पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "हां. भार हितं घेतलाय व्हय."

आत शिरताच त्या बोवाल्याने मला बघून सलाम ठोकला, "नेहमीचंच ना, साहेब?"

"नेहमीचं म्हंजे काय वो?" मामांनी लगेच विचारलं.

"वाळ्याचं सरबत," मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

अभयने आतून कडी घातली आणि ताट आणलं. ताट म्हणजे पांढरीशुभ्र मोठी बशी. त्यात दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, कच्च्या केळ्याच्या टिकिया असं नक्षीदार मांडलेलं, बाजूला काटे-चमचे. मामा ताटाकडे बघत बसले. मग त्यांनी काटा बाजूला सारला, भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. अभय तोंड फिरवून रुमालांच्या घड्या सरळ करू लागला.

दोन-चार घास पोटात गेले आणि मामांना राहवेना. डावा हात पाठीशी बांधून, उजवा खरकटा तसाच वर धरून ते बाटल्यांपुढे उभे राहिले. ही कशाची? जवाची. ही? उसाच्या मळीची. ती? मक्याची. आणि ती चपटी? द्राक्षांची. मामा बोवाल्याला म्हणाले, "गड्या, हे बार न्हवं, ही तर मार्केट यार्डाची बाजारपेठ झाली की रं!" मग ते हलवायचं भांडं कितीदा हलवायचं, बर्फ पांढरट का होतो, पेल्याची मान लांब कशासाठी, असं सुरू झालं. मधूनच येऊन एखादा घास घ्यायचे, पुन्हा उठायचे. विचारायचे मात्र बोवाल्याला, मुलाला नाही. अभय सारखा कडी काढून बाहेर जायचा, पुन्हा आत यायचा. मला वाटलं, बापासमोर त्याला उभं राहवत नाही. मला वाईट वाटलं.

मामा लिंबाची साल कशी पिळतात ते शिकून खुशीत परत आले, खुर्चीत टेकले, भाकरीचा मोठा तुकडा मोडला. तेवढ्यात बाहेरून आलेल्या अभयने ताटावर हात आडवा धरला.

"दादा, थांबा. दिवस बुडाला."

मामांचा घास हातातच राहिला. त्या खोलीत खिडकी नव्हती, त्यांना कळलंच नव्हतं. आणि हा पोरगा इतका वेळ सूर्य बघायला बाहेर जात होता. मामांनी घास ताटात ठेवला. आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून विचारलं, "तू पाळतोस अजून?"

"मी न्हाई पाळत," अभय म्हणाला. "तुमी पाळता न्हवं."

मामांनी आमच्या घरी कधी ताटात अन्न टाकलेलं मी पाहिलं नाही. ते अर्ध्या भाकरीकडे बघत राहिले. अभयने ती बशी आपल्याकडे ओढली, समोर बसला आणि बापाचं उष्टं खाऊ लागला, वरण पुसून, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मामा बघत होते. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

बाहेर कपाटावर टकटक झाली. कोणीतरी वकील असेल किंवा डॉक्टर. अभय उठेना. पुन्हा टकटक झाली, तेव्हा मामा टोपी सारखी करत म्हणाले, "ऊठ, दार उघड जा. गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठिवू नये."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी त्यांना सोडायला निघालो, तर एसटीत शेजारी बसून कराड येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि मीही त्यांना काही विचारलं नाही.